फुकटाचें तिकीट

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत मी व माझी पत्नी अमेरिकेंत, न्यू जर्सी येथें माझ्या भाच्याकडे, दीड महिना राहून आलों. मुंबईहून न्यूअर्कपर्यंतचा प्रवास आम्हीं विमानाच्या त्या वर्गांतून केला, ज्यांत आसनाचा पलंग होतो, जेवणाआधीं मांडीवर कापडाचा रुमाल पसरला जातो, आणि परिचारिका प्रवाशाला नांवानें हांक मारते. प्राध्यापकाच्या पगारांत हें सुख बसणारें नव्हे. तिकिटें भाच्यानें पाठविलीं होतीं. त्यांचे पैसे किती झाले असें मीं संकोचानें विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामा, सरकारी कर सोडले तर मला एक पैहि पडली नाहीं. सगळें पॉइंटांवर आहे."

फुकट मिळालेल्या वस्तूची गोडी कांहीं निराळीच असते, हें मी नाकारीत नाहीं. तो रुमाल मांडीवर असतां मला जो आनंद झाला, त्यांत निम्मा भाग तरी त्याची किंमत आपण दिलेली नाहीं या जाणिवेचा होता. परंतु तत्त्वज्ञान शिकवून पोट भरणाऱ्या मनुष्याला एक वाईट खोड लागते. जेवून तृप्त झाल्यावर तो यजमानाला विचारतो कीं, तांदूळ कोठून आणलेत? ती खोडच या लेखाला कारण झाली आहे.

भाच्याची विद्या प्रथम सांगितली पाहिजे, कारण ती विद्या आहे यांत संशय नाहीं. त्याच्या टेबलाच्या खणांत अकरा क्रेडिट कार्डें आहेत. एक वाणसामानासाठीं, एक पेट्रोलसाठीं, एक उपाहारगृहांसाठीं, एक प्रवासासाठीं, असे त्यांचे अधिकार वांटून दिलेले आहेत. जें कार्ड जेथें शेंकडा तीन किंवा चार परत देतें, तें तेथेंच बाहेर काढावयाचें. नवें कार्ड घेणाऱ्यास, पहिल्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केल्यास, बँका एकदम मोठें बक्षीस देतात. म्हणून विम्याचा हप्ता, मुलाची फी, घराची दुरुस्ती असले मोठे खर्च तो नव्या कार्डाच्या मुहूर्तापर्यंत थोपवून धरतो. मिळालेले पॉइंट बँकेच्या यादींतला मिक्सर किंवा घड्याळ घेण्यांत कधीं घालवावयाचे नाहींत. त्यांत भाव सर्वांत वाईट पडतो. रोख रूपानें घेतले तर एका पॉइंटाला साधारण एक सेंट येतो. तेच विमानकंपनीच्या खात्यांत वळवून वरच्या वर्गाच्या आसनासाठीं वापरले, तर दोन-तीन सेंटांपर्यंतहि हिशेब जातो. सांठवून मात्र ठेवावयाचे नाहींत, कारण कालपर्यंत साठ हजार पॉइंटांना मिळणारें आसन उद्यां नव्वद हजारांना करण्यास कंपनीला कोणाला विचारावें लागत नाहीं. पॉइंट हें असें नाणें आहे कीं, त्याची टांकसाळ, त्याचा भाव आणि त्याची मुदत हीं तिन्ही एकाच पक्षाच्या हातीं असतात.

आणि या सर्व नियमांवरचा नियम असा कीं, बिल आलें म्हणजे मुदतीच्या आंत पूर्ण फेडावयाचें. व्याजाचा एक सेंटहि द्यावयाचा नाहीं. एक महिना चुकला तर वर्षाची कमाई गेली! भाच्याची या कामाची वही पाहून मला त्याच्या आजोबांची आठवण झाली. ते मामलेदार कचेरींत कारकून होते, पण त्यांची वहीसुद्धां इतकी स्वच्छ नव्हती. आपल्याकडेहि हेच नियम लागू पडतात. फरक एवढाच कीं, येथें एकाच कार्डाच्या पॉइंटाला एका ठिकाणीं पाव रुपया व दुसऱ्या ठिकाणीं पुरा रुपया येतो, आणि वार्षिक वर्गणी किती व तिच्या बदल्यांत खरोखर वापरूं असें काय मिळतें हें पाहण्याचा कंटाळा करणारे लोक अधिक आहेत.

एका गोष्टींत मात्र माझें त्याच्याशीं तेथेंच वाजलें. आमचीं तिकिटें "सात लाखांचीं" होतीं असें तो सर्वांना सांगत असे. मीं म्हटलें, "अरे, त्या आसनासाठीं मीं आपल्या खिशांतून सत्तर हजारांवर दमडी दिली नसती. मग तूं मला सात लाख दिलेस असें कसें म्हणतोस?" वस्तूचें मोल घेणाऱ्याच्या गरजेनें ठरतें; विकणाऱ्यानें लावलेल्या चिठ्ठीनें नव्हे. या व्यवहारांत मोठमोठे आंकडे ज्या सहजतेनें बोलले जातात, त्यांतील बराचसा फुगवटा या चुकीचा आहे.

असो. खरा प्रश्न उपस्थित झाला तो एका शनिवारीं सकाळीं, किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशीं. आमच्या पुढें एक म्हातारी बाई उभी होती. तिनें पाकिटांतून नोटा काढल्या, मग चिल्लर काढली, ती मोजली, पुन्हां मोजली, आणि शेवटीं द्राक्षांची पिशवी बाजूला काढून ठेवली. त्यानंतर भाच्यानें यंत्राला कार्ड टेंकविलें. त्याला त्या खरेदीवर शेंकडा चार परत मिळाले. म्हातारीला कांहीं नाहीं. पावाचा भाव मात्र दोघांनाहि एकच होता.

आतां हे शेंकडा चार कोठून येतात? दुकानदारानें कार्डावर शंभर डॉलरांचा माल विकला, तर त्याच्या हातीं साधारण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव डॉलर पडतात. मधल्या दोन-तीन डॉलरांतला मोठा वांटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि त्यांतूनच ती आपल्या गिऱ्हाइकाला पॉइंट देते. ज्या धंद्यांत नफाच शेंकडा दोन-तीन असतो, त्या धंद्यांतला वाणी हा खर्च स्वतः सोसूं शकत नाहीं. तो भावांत चढवितो. आणि भाव सर्वांना एकच असल्यामुळें, जो कार्ड वापरीत नाहीं तोहि कार्डाचा खर्च देतो. फक्त परतावा त्याला मिळत नाहीं.

ही व्यवस्था कोणीं एका बैठकींत रचलेली नाहीं. १९५० सालीं न्यूयॉर्कला डायनर्स क्लब निघाला, तेव्हां उपाहारगृहांचीं बिलें महिनाअखेर एकदम भरण्याची सोय एवढाच त्याचा हेतु होता. १९५८ सालीं बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत लोकांनीं न मागतांच घरोघर कार्डें टपालानें पाठविलीं. त्याच कार्डाचें नांव १९७६ मध्यें व्हिसा झालें. १९८१ च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें प्रवाशांच्या नांवें मैल जमा करण्याची योजना काढली, १९८६ मध्यें डिस्कव्हर कार्डानें खर्चाचा कांहीं भाग रोख परत देण्यास आरंभ केला, आणि १९८७ मध्यें सिटीबँक व अमेरिकन एअरलाइन्स यांनीं मिळून कार्ड काढलें. तेथून पुढें विमानांत पाय न ठेवतां मैल मिळूं लागले. आज विमानकंपन्या हे मैल बँकांना विकतात. एकट्या डेल्टा कंपनीला २०२४ सालीं अमेरिकन एक्स्प्रेसकडून सात अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. २०२० च्या साथींत विमानें जमिनीवर उभीं होतीं, तेव्हां युनायटेड कंपनीनें कर्जासाठीं तारण ठेवली ती आपली मैलांची योजना! ज्या धंद्याची गहाण ठेवण्याजोगी वस्तु विमान नसून विमानाचें वचन आहे, त्याला काय म्हणावें हें अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीं ठरवावें.

बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेंतील अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं या देण्याघेण्याचा हिशेब मांडला. वर्षाला वीस हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळविणारें कुटुंब या व्यवस्थेंत सरासरीनें २१ डॉलर गमावतें, आणि दीड लाख किंवा अधिक मिळविणारें कुटुंब ७५० डॉलर कमावतें, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकवीस डॉलर ही रक्कम मोठी नव्हे, असें कोणी म्हणेल. द्राक्षांच्या चार-पांच पिशव्या होतात. पुढें दुसऱ्या कांहीं अभ्यासकांनीं कार्डधारकांतच कोण देतो व कोण घेतो हें तपासलें. या बक्षिसांमुळें वर्षाला सुमारें पंधरा अब्ज डॉलर एकांच्या खिशांतून दुसऱ्यांच्या खिशांत जातात, असा त्यांचा अंदाज आहे. परंतु त्यांत मला अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ही वाटली कीं, देणारा व घेणारा यांतली मुख्य रेषा श्रीमंती-गरिबीची नाहीं. ज्याला पैशाचा व्यवहार नीट कळतो तो घेतो. ज्याला कळत नाहीं तो देतो. न कळणारा श्रीमंत असला तरी देतोच.

हा निष्कर्ष भाच्याला आवडला. तो म्हणाला, "पाहिलेंत ना, मामा? हा शहाणपणाचा मोबदला आहे. मी कोणाला फसवीत नाहीं. बँकेनें नियम छापले आहेत, मी ते वाचतों, इतर वाचीत नाहींत." हा युक्तिवाद दुबळा नाहीं. त्याला कांटच्या कसोटीनें उत्तर द्यावें असें माझ्या मनांत प्रथम आलें. जी वागणूक सर्वांनीं स्वीकारली असतां स्वतःच नाहींशी होते, ती नीतीला मान्य नाहीं, असें कांट म्हणतो; आणि उद्यां सर्वच लोक भाच्याइतके हुषार झाले, तर प्रत्येकजण भावांतून तीन देईल व बक्षिसांतून दोन परत घेईल, आणि मधला एक बँकेला पोंचवून स्वतःला भाग्यवान समजेल. म्हणजे हा लाभ इतरांच्या अज्ञानावरच उभा आहे, हें सिद्ध झालें.

पण सिद्ध झालें तें पुरेसें नाहीं, हें माझ्याच ध्यानांत आलें. एस. टी.च्या स्थानकावर मी पहांटे जाऊन खिडकीची जागा धरतों. सर्वचजण पहांटे आले तर माझा लाभ संपतो. म्हणून लवकर उठणें हें पाप ठरतें काय? ठरत नाहीं. फरक आहे तो निराळाच. एस. टी.त उशीरा येणारा उभा राहतो, पण माझ्या खिडकीचे पैसे तो देत नाहीं. इथें उभ्या राहणाऱ्याच्या तिकिटांत माझ्या खिडकीचे पैसे धरलेले आहेत, आणि हें त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं. मला बोंचते ती ही गोष्ट. ॲरिस्टॉटलनें न्यायाची चर्चा करतांना आपल्या वांट्याहून अधिक घेण्याच्या वृत्तीला अन्यायाचें मूळ म्हटलें आहे. या विवेचनांत घेणाऱ्यानें नियम मोडलेला असावा असें नाहीं. वांटा अधिक असणें, आणि तो अधिक आहे हें कळल्यावरहि हात मागें न घेणें, एवढें पुरे.

यावर भाचा म्हणतो, "मीं हात मागें घेतला तर त्या बाईची द्राक्षें स्वस्त होतील का?" होणार नाहींत. त्याचे पॉइंट बँकेच्या नफ्यांत जमा होतील, एवढेंच. परिणामांवरून नीति ठरविणाऱ्यांचें येथें समाधान व्हावें. माझें पुरतें होत नाहीं. पण मोठ्या तोंडानें बोलण्याचा अधिकारहि मला नाहीं. कारण मी ज्या महाविद्यालयांत शिकलों, तेथें माझी फी माझ्या शिक्षणाच्या खर्चाच्या मानानें नांवापुरती होती. उरलेला खर्च सरकारी तिजोरींतून होत असे, आणि त्या तिजोरींत काडीपेटीवरचा कर देणारी, महाविद्यालयाची पायरी कधीं न चढलेली माणसें भर घालीत होतीं. आम्हां मध्यमवर्गीयांच्या पदव्याहि एका अर्थीं पॉइंटांवरच्याच आहेत. तेवढ्यासाठीं मीं पदवी परत करावी असें मला वाटत नाहीं. मात्र ती माझ्या एकट्याच्या बुद्धीचा मोबदला आहे असें मी म्हणूं लागलों, तर तें खोटें होईल. भाच्याशीं माझा खरा मतभेद येथें आहे. त्यानें तिकीट घेतलें याबद्दल नव्हे. "शहाणपणाचा मोबदला" या शब्दांबद्दल.

आणि शहाणपण तरी किती! २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत प्रेलेक व सिमेस्टर या प्राध्यापकांनीं विद्यार्थ्यांना खेळाच्या तिकिटांवर बोली लावावयास सांगितली. कार्डानें पैसे द्यावयाचे असतां बोली रोख पैशाच्या बोलीहून दुपटीच्या घरांत गेली. ते विद्यार्थी व्यापारशास्त्राचे होते. शेंकडा चार परत मिळविण्याच्या नादांत शेंकडा दहा अधिक खर्च होत नाहीं, अशी शपथ भाच्याची वहीसुद्धां घेऊं शकणार नाहीं. न झालेला खर्च कोणत्याच वहींत लिहिलेला नसतो.

दुसरा देणारा म्हणजे कर्जांत अडकलेला कार्डधारक. त्याच्याविषयीं आम्ही व्यवस्थित माणसें फार कठोरपणें बोलतों. बिलावर "किमान देय रक्कम" म्हणून एक लहानसा आंकडा छापलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा शेंकडा पांचच्या आसपास असतो. तेवढा भरला म्हणजे कर्तव्य संपलें असें साध्या माणसाला वाटतें. प्रत्यक्षांत उरलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चालूं होतें, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतहि जाते. वर्षाचे हे बेचाळीस टक्के झाले. आपल्याकडील ग्राहक आयोगानें २००८ सालीं तीस टक्क्यांवर व्याज घेणें अनुचित ठरविलें होतें; २०२४ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला, कारण अशी मर्यादा घालणें आयोगाच्या अधिकारांत येत नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें तें बरोबर असेल. परंतु १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, हें ज्या प्रांतांत घडलें, आणि एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये हा दामदुपटीचा नियम ज्या प्रांताच्या न्यायालयांनीं मानला, त्या प्रांतांतील सुशिक्षितांनीं या बेचाळीस टक्क्यांविषयीं मौन धरावें, याचें मला नवल वाटतें. कदाचित् नवल वाटावयास नको. त्या व्याजांतून निघालेला एखादा बारीक ओघळ आमच्याच अंगणांत येतो.

खरेदीवर परतावा ही कल्पनाच मुळांत वाईट आहे असें मात्र नव्हे. १८४४ सालीं इंग्लंडांत रॉचडेल येथील मजुरांनीं सहकारी दुकान काढलें. नफा ज्यानें जितकी खरेदी केली त्या प्रमाणांत त्याला परत द्यावयाचा, हा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम, उधारी बंद; सर्व व्यवहार रोखीचा. अमेरिकेंतहि किराणा दुकानांतून मिळणारे बक्षिसाचे स्टँप प्रारंभीं रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सन्मानासाठींच निघाले. म्हणजे शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं बक्षीस मिळे तें त्या चिल्लर मोजणाऱ्या म्हातारीला. ती जिथल्या तिथें उभी आहे. बक्षीस तेवढें रांगेंत तिच्या मागच्या माणसाकडे सरकलें.

या विद्येचा अतिरेक पाहावयाचा असेल तर अमेरिकेच्या टांकसाळीची गोष्ट पाहावी. एक डॉलरचें नाणें लोकांत रुळावें म्हणून २००८ पासून टांकसाळ तीं नाणीं दर्शनी किंमतींत व टपालखर्च न घेतां घरपोंच पाठवी. कांहीं चतुर लोकांनीं तीं हजारोंनीं कार्डावर मागविलीं, पेट्या न फोडतां बँकेंत नेऊन भरलीं, त्याच पैशांनीं कार्डाचें बिल फेडलें, आणि मैल तेवढे कमावले. २०११ सालीं टांकसाळीनें कार्डावरची विक्री बंद केली. कोणताहि कायदा मोडला गेला नव्हता. सरकारी पैशानें मण-मण धातु देशभर फिरली, आणि त्यांतून जगांत एकाहि नव्या वस्तूची भर पडली नाहीं. भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हां तो पोट धरून हंसला, मग थोड्या वेळानें म्हणाला, "मी तेव्हां इकडे नव्हतों, नाहीं तर मींहि केलें असतें." त्याचा हा प्रांजळपणा मला फार आवडतो.

कायद्यानें कांहीं करतां येतें हें खरें. ऑस्ट्रेलियानें २००३ पासून बँकांना मिळणाऱ्या या शुल्कावर बंधन घातलें; युरोपीय संघानें २०१५ सालीं क्रेडिट कार्डासाठीं तें शेंकडा ०.३ वर आणून ठेवलें. तिकडे बक्षिसें रोडावलीं, आणि कोणाचें फारसें अडलें नाहीं. आपल्याकडे २०१६ सालीं यूपीआय आलें, आणि २०२० पासून त्यावरील देण्याला दुकानदाराकडून शुल्क घेणें बंद झालें. माझ्या घराजवळचा भाजीवाला तीस रुपयांची कोथिंबीर-मेथी त्याच मार्गानें देतो, व त्याला तीसच्या तीस रुपये मिळतात. मला तेथें पॉइंट मिळत नाहीं. पण मोठ्या दुकानांत गेलों म्हणजे माझाहि हात, न सांगतां, कार्डाकडेच जातो, हें येथें कबूल केलेलें बरें.

परतल्यावर सौ.ला मीं हा सर्व विचार ऐकविला. तिनें तो नीट ऐकून घेतला आणि विचारलें, "तें सगळें खरें, पण त्या दिवशीं ती द्राक्षें तुम्हींच कां घेऊन दिलीं नाहींत?" मला सुचलें नाहीं, एवढेंच मी सांगूं शकलों. मी तेव्हां भाच्याला शेंकडा किती परत मिळाले हें विचारीत होतों.

गेल्या आठवड्यांत भाच्याचें पत्र आलें. येत्या डिसेंबरांत नातवाची मुंज तिकडेच करावयाची आहे. "मामा, तुम्ही दोघांनीं यावयाचेंच. पॉइंट तयार आहेत. पण कंपनी एक तारखेपासून भाव वाढविणार आहे, तेव्हां लवकर कळवा." सौ.नें बॅगा माळ्यावरून काढून पुसून ठेवल्या आहेत. आज महिन्याची चोवीस तारीख. उत्तराचा कागद माझ्यापुढें आहे, आणि त्यावर आतांपर्यंत "चि. यास अनेक आशीर्वाद" एवढेंच लिहून झालें आहे.